न झोंबणारं लोणचं

थंडी उतरायला लागली, की एखादा कोरडा, लख्ख उन्हाचा शनिवार बघून सासूबाई लोणच्याचा दिवस ठरवत. त्या दिवशी सुनेने दवाखाना बंद ठेवायचा, हा घरातला न लिहिलेला कायदा होता. सून दातांची डॉक्टर होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सासूबाई तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत आल्या होत्या आणि त्यातला 'बाई' जरा लांबवत. पुढे ते नावच पडलं. नवरा गमतीने म्हणे, शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत, सासूबाई मात्र दोन्हीपैकी कशानेच म्हणत नसत.

सहा किलो भाजी असे. गाजर, फ्लॉवर, फरसबी, काकडी आणि बोराएवढे छोटे कांदे. प्रत्येक फोड अंगठ्याच्या नखाएवढी झाली पाहिजे. सासूबाई खिडकीशी स्टुलावर बसून परातीत बोट फिरवत आणि चुकलेली फोड चिमटीत धरून उंच करत.

"हा तुकडा कुणाच्या तोंडाचा, डॉक्टरीणबाई? घोड्याच्या?"

फोडींना मीठ लावून वर ताट, ताटावर दगड. रात्रभरात पाणी सुटे. दुसऱ्या दिवशी गच्चीवर चादरीवर पसरून त्या उन्हात सुकवायच्या. मग मोहरी फेसायची, लसूण ठेचायचा आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या बियांसकट वाटायच्या. मिरच्या थोड्याथोडक्या नव्हे, चांगल्या दोन किलो. मिक्सर सुरू झाला की घरभर खोकला उठे, शेजारचे खिडक्या लावून घेत आणि डॉक्टरीणबाईची बोटं दोन दिवस चुरचुरत राहत.

सगळं मोठ्या पातेल्यात एकत्र झालं, की सासूबाई सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढत आणि आतून कडी लावत. पाव तास. आतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू येई, फोनवर जुन्या मैत्रिणीशी बोलावं तसं. मग दार उघडे. सासूबाईंचा चेहरा पोटभर जेवून, झोप काढून उठल्यासारखा तुकतुकीत दिसे.

आणि ते लोणचं झोंबत नसे.

रंग निखाऱ्यासारखा. वासाने नाकात पाणी येई. नवा पाहुणा पहिला घास घेताना डोळे मिटून तयारीत राही, आणि मग डोळे उघडून चकित होऊन बघे. मिरचीची चव होती, सुगंध होता, जाळ मात्र औषधालाही नव्हता. डॉक्टरीणबाईची आठ वर्षांची मुलगी ते चमच्याने नुसतं खाई. तिच्या पुढच्या दोन मोठ्या दातांमुळे तिला सगळे खारू म्हणत.

एकदा डॉक्टरीणबाईने कडी लागण्याआधी पातेल्यातला मसाला बोटावर घेऊन ओठाला लावला होता. तासभर ओठ भाजत राहिला. दार उघडल्यावर त्याच पातेल्यातलं पुन्हा लावून पाहिलं. काही नाही. मुरलं की जोर कमी होतो, असं तिने स्वतःला समजावलं. पाव तासात काय मुरतं, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला होता. पण घर, मूल आणि दवाखाना सांभाळणाऱ्या बाईला असे पुष्कळ प्रश्न बाजूला सारावे लागतात.

घरात लोणचं न खाणारं एकच माणूस होतं. आत्या.

आत्या म्हणजे दिवंगत सासऱ्यांची बहीण. लग्न झालं नव्हतं. मागच्या खोलीत राही आणि जेवणही तिथेच. जेवण कसलं, दुधात कुस्करलेला पाव, तोही गार. गाल आत गेलेले, बोलताना तोंड अर्धवट मिटलेलं. 'आत्याला उष्णता आहे,' एवढ्यावर घराने विषय संपवला होता.

सून घरात आल्यावर पहिल्या महिन्यातच तिने आत्याला दवाखान्यात नेलं, खुर्चीत बसवलं, दिवा ओढून तोंडात पाहिलं. सबंध जीभ सोलल्यासारखी लाल होती. टाळूवर, गालांच्या आत नुसता कच्च्या मांसाचा रंग. तिने रक्त तपासलं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवून जिभेचा बारीक तुकडा काढून तपासून घेतला. काही निघालं नाही. मलमं झाली, गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या. आत्याचं कार्ड भरून दुसरं जोडावं लागलं, तेही भरलं. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी लोणचं लवकर संपलं आणि दोन महिने घरात बरणी नव्हती. त्या दोन महिन्यांत आत्याची जीभ बरी झाली. कार्डावर डॉक्टरीणबाईने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पूर्ण बरी. कारण समजत नाही.' आत्याने त्या दिवशी खरपूस भाजलेल्या पावाचा कडक कोपरा चावून चावून खाल्ला आणि खाताना रडली.

मग नवं लोणचं झालं. रविवारी दुपारी पहिली बरणी उघडली. संध्याकाळी आत्याच्या तोंडात बघायची डॉक्टरीणबाईला गरज पडली नाही, तिच्या उशीवरच लाळ आणि रक्त होतं.

असल्या योगायोगांवर विश्वास ठेवणारी ती नव्हती. तरी पुढच्या रविवारी सगळे जेवायला बसल्यावर ती मलमाची ट्यूब घेऊन मागच्या खोलीत गेली. आत्या डोळे मिटून पलंगावर बसली होती. दोन्ही हातांनी तिने गादीची कड धरून ठेवली होती. एकदम तिचे खांदे वर उचलले गेले आणि खाली आले.

"खारूने घेतलं," आत्या म्हणाली.

"काय घेतलं?"

"तिचा घास लहान असतो. पटकन जातो." थोड्या वेळाने पुन्हा तिची बोटं गादीत रुतली, आणि या वेळी रुतूनच राहिली. कपाळावर घाम फुटला. "हा तुझ्या नवऱ्याचा. तो चोखत बसतो."

डॉक्टरीणबाईने दार बोटभर उघडलं. समोर, दोन खोल्या ओलांडून, टेबलाशी बसलेला नवरा बोट चाटत होता. ती दाराशीच उभी राहिली. एकदा टेबलाकडे बघे, एकदा पलंगाकडे. आत्याचे डोळे मिटलेले आणि मध्ये भिंत. सहा घास तिने पाहिले. एकही चुकला नाही.

ती बाहेर गेली आणि टेबलावरची बरणी उचलून म्हणाली, "बुरशी दिसतेय यात. आज नको."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "माझ्या लोणच्याला बुरशी?" एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

त्या दुपारी आत्याला गाढ झोप लागली. उठल्यावर डॉक्टरीणबाईने विचारलं, "आत्या, हे कधीपासून?"

"वहिनी नवी नवरी होती तेव्हापासून. तिने पहिल्यांदा लोणचं घातलं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी एक घास घेतला आणि सगळ्यांसमोर थुंकले. म्हटलं, हिला आईने काही शिकवलेलं दिसत नाही. सगळे हसले. खूप हसले."

"एवढं वाईट झालं होतं?"

आत्याने हळूच मान हलवली. "छे गं पोरी. सुरेख झालं होतं."

बुधवारी सकाळी नवरा कामावर गेला, खारू शाळेत गेली. डॉक्टरीणबाईने दवाखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बरण्या खाली उतरवल्या. पाच होत्या. कागदाची झाकणं, त्यावर सासूबाईंच्या हातची दोऱ्याची नीटस गाठ. हे आपण काय करतोय, याची तिची तिलाच लाज वाटत होती. चाळीस वर्षांचा आजार बरण्यांत कसा असेल? पण नसेल तर पाच बरण्या गेल्या, एवढंच. असेल तर?

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ओरडतील, हात धरतील, असं तिला वाटलं होतं.

"टाकतेस?"

"हो आई. टाकतेय. तुम्हाला माहितीये का, ते..."

"टाक की मग." सासूबाई चौकटीला टेकल्या. "सगळं टाक. अर्धवट काही ठेवू नकोस."

तिने पहिली बरणी मोरीत उलटी केली. गाजराच्या फोडी जाळीवर अडकल्या, त्या तिने हाताने खाली लोटल्या. खार लाल धारेने वाहून गेला. दुसरी. तिसरी. वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, घसा मात्र साफ राहिला. पाचवी बरणी रिकामी झाल्यावर तिने नळ पूर्ण सोडला आणि सगळं वाहून जाईपर्यंत उभी राहिली.

मागच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. त्यामुळे ती हसतमुखाने सांगायला गेली.

आत्या पलंगावर नव्हती. खिडकीखाली जमिनीवर होती. फुलदाणीतली फुलं बाजूला पडली होती आणि फुलदाणी तिच्या हातात होती. त्यातलं पाणी तिने तोंडात ओतून घ्यायचा प्रयत्न केला होता. तोंड उघडं होतं. अठरा वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात घालवलेल्या डॉक्टरीणबाईने त्या तोंडात एकदा पाहिलं आणि मग स्वतःच्या ओढणीने ते झाकलं.

दाखल्यावर हृदयविकाराचा झटका असं लिहिलं गेलं. वय झालंच होतं.

सगळं उरकून घर शांत झाल्यावर सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "थोडं थोडं खाल्लं की थोडं थोडं लागतं. एकदम ओतलं की एकदम. मी नाही हो ओतलं, डॉक्टरीणबाई. मी तर जपून वाढत होते इतकी वर्षं."

सुनेच्या हातातलं ताट खाली पडलं नाही. तिने ते नीट पुसून जागेवर ठेवलं.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. काय बोलणार होती? वर्षभर ती दवाखान्यात जात राहिली, दातांत सिमेंट भरत राहिली, संध्याकाळी खारूचा अभ्यास घेत राहिली. आत्याचं कार्ड मात्र तिने फाडलं नाही. पेशंटांच्या कार्डांत ते तसंच राहिलं. शोधताना अधूनमधून हाताला लागे.

पुन्हा थंडी उतरली. सासूबाईंनी शनिवार ठरवला. सुनेने दवाखाना बंद ठेवला. फोडी झाल्या, मीठ झालं, ऊन झालं. मिरच्या वाटताना सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "पंचाईतच आहे यंदा."

"कसली?"

"बाहेरचं माणूस चालत नाही गं. एका छपराखालचं लागतं. आता आहोत कोण? चौघं." खारू टेबलाखाली बसून सोललेल्या लसणाच्या पाकळ्या एकीवर एक रचत होती. सासूबाईंनी वाकून तिच्या केसांवरून हात फिरवला. "बघू. पातेल्याशी बोलायला बसले की ज्याचं यायचं त्याचं नाव आपोआप तोंडात येतं. माझ्या हातात थोडंच आहे!"

डॉक्टरीणबाईने मिक्सर बंद केला. वाटण पातेल्यात काढलं, फोडी घातल्या, मोहरी घातली, व्हिनेगर ओतलं, लाकडी उलथन्याने खालवर केलं. मग खारूला शेजारी खेळायला पाठवलं.

सासूबाई हात धुवायला न्हाणीघरात गेल्या. त्या परत येण्याआधी तिने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि कडी घातली.

आधी कडी वाजली, मग दार. "डॉक्टरीणबाई? अगं, उघड. तुला येणार आहे का ते? उघड म्हणते ना!"

ती पातेल्यासमोर स्टुलावर बसली. काय बोलायचं ते तिला सुचेना. शेवटी सवयीने तिने कार्ड भरताना बोलतात तसं सुरू केलं. पेशंट स्त्री. वय अडुसष्ट. त्यानंतर घोड्याच्या तोंडाची गोष्ट सांगितली. मग बाळंतपणात उपाशी ठेवलेल्या दुपारची. मग तिच्या वडिलांना सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं, त्या संध्याकाळची. एकेक गोष्ट निघाली की तिच्या मागे दुसरी तयारच असे. फुलदाणीपर्यंत ती आली, तेव्हा आपण हळू आवाजात, जवळजवळ प्रेमाने बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं.

दारावरची थाप कधीच थांबली होती.

तिला थांबावंसं वाटेना. बोलणं संपलं तेव्हा दीड तास झाला होता. अंग हलकं झालं होतं, कडकडून भूक लागली होती. तिने पातेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

लसूण, मोहरी, मिरचीचा सुगंध. झोंबलं नाही.

सात बरण्या भरल्या. फळीवर मांडल्या. सासूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी बरण्या मोजल्या, आणि मग मोरीकडे पाहिलं. बरण्या आता फेकता येणार नव्हत्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी उघडणार नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाली. "राहू देत तिथेच. तुम्ही नीट वागा, आई."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. बंद बरणी कुणाला काही करत नाही. राहील फळीवर, कुलपासारखी.

सासूबाई नीट वागू लागल्या. सकाळचा चहा सुनेच्या हातात आणून देऊ लागल्या. 'डॉक्टरीणबाई' गेलं आणि 'बाळ' आलं. त्यांच्या खोलीतून स्वयंपाकघराची फळी दिसे, म्हणून त्यांनी पलंग हलवून घेतला. मग ती दिसत नाही म्हणून पुन्हा होता तिथे आणला. रात्री त्या उठून बरण्या जागेवर आहेत का बघून येत. जेवण निम्म्यावर आलं. तीन आठवडे असे गेले.

चौथ्या रविवारी सगळे टेबलाशी बसले होते. भात होता, सूप होतं, उकडलेले बटाटे होते. नवरा एकदम उठला, स्वयंपाकघरात गेला आणि एक बरणी घेऊन आला.

"किती दिवस नुसतं बघायचं हे?" तो म्हणाला आणि दोरा सोडू लागला.

"नको," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ठेव ते. ऐक माझं. मला तुला काही सांगायचंय. आत्याचं जे झालं..."

"मला माहितीये."

तिला वाटलं, त्याला दुसरंच काही म्हणायचंय.

"लहानपणापासून माहितीये," तो म्हणाला. कागद बाजूला काढून त्याने वास घेतला. "आत्याच्या खोलीत अभ्यास करायचो मी. सुट्टीत दुपारी जेवणं व्हायची, तेव्हा तिथेच असायचो. कळतं की माणसाला."

"आणि तरी खात होतास?"

"सगळेच खात होते." त्याने चमचाभर लोणचं आपल्या ताटात घेतलं. मग आईकडे पाहिलं. रागाने नाही, कशानेच नाही. "तूच म्हणायचीस ना आई, कुणाचं तरी तोंड जळणारच. आपलं नाही ना, मग जेवा."

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी ओठ उघडले.

त्याने घास तोंडात घातला.

सासूबाईंचा हात टेबलाच्या कडेवर आला आणि बोटं पांढरी पडली. आवाज त्यांनी केला नाही. डोळ्यांच्या कडांतून पाणी मात्र सरळ गालांवर उतरलं.

"वा!" नवरा म्हणाला. "यंदा आईपेक्षा छान जमलंय."

खारूने आपलं ताट पुढे सरकवलं. "आई, मला पण. खूप दिवसांनी!"

डॉक्टरीणबाईने चमचा हातात घेतला. बरणी झाकता आली असती. झाकण तिथेच, तिच्या कोपराशी पडलं होतं. तिने समोर सासूबाईंच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. खुर्चीतल्या पेशंटकडे बघावं तसं, किंचित वाकून, नीट. जीभ आत्ताच कडेने लाल व्हायला लागली होती.

तिने खारूला वाढलं. मग स्वतःला वाढून घेतलं.

सासूबाईंचा हात पाण्याच्या तांब्याकडे निघाला. डॉक्टरीणबाईने तांब्या उचलून आपल्या बाजूला ठेवला. जेवताना खारूचा धक्का लागून तो नेहमी सांडायचा.